काचेच्या कपाटाबाहेरची हत्यारं

संग्रहालयात अख्खा भाला सहसा पाहायला मिळत नाही. कपाटात असतं ते नुसतं पातं: गंजून पापुद्रे सुटलेलं, खालच्या बाजूला पोकळ नळी असलेलं. त्या नळीत कधीकाळी बांबू ठोकून बसवलेला होता. तो किडला, मोडला, कुणाच्या तरी चुलीत गेला. शेजारच्या कपाटात मात्र तलवारी ओळीनं मांडलेल्या असतात. मुठींवर सोन्याचं कोफ्तगरी काम, म्यानावर विटलेली मखमल, खाली पितळी पाटी. पाहणाऱ्याच्या मनात मग आपोआप बसतं, की लढाया तलवारीनं जिंकल्या जात असत.

मला याची शंका येते ती या कपाटांमुळेच. जे टिकलं ते जपलेलं म्हणून टिकलं, आणि जपलं गेलं ते किमतीचं, मिरवायचं, देव्हाऱ्यात ठेवायचं होतं म्हणून. जे लढाईत खरोखर वापरून संपलं ते शिल्लक राहणार कसं? बंदुकीचा तोडा जळून गेला, दारू उडून गेली, गोफणीचा दगड शेतात पडला आणि पुन्हा नुसता दगड झाला. घोड्याच्या तोबऱ्याचं तर कुणी नावही घेत नाही.

शिवजयंतीच्या सुमाराला गावोगाव शस्त्रप्रदर्शनं भरतात. मी शक्यतो चुकवत नाही. तिथं दर वेळी एक वाद हमखास रंगतो: सगळ्यात भारी हत्यार कोणतं? पोरं पट्ट्याच्या बाजूनं असतात, काही कट्यारीच्या, एखादा शहाणा तोफेचं नाव घेऊन सगळ्यांना गप्प करतो. मध्येच कुणीतरी फोन काढून अमुक राजाची तलवार चाळीस किलोची होती असा निरोप वाचून दाखवतो. साधी तलवार किलोभराची असते. मराठा धोप लांब आणि जरा जड, पण तीही दीड किलोच्या आसपास. चाळीस किलोचं लोखंड घेऊन माणूस फार तर उभा राहील. दिवसभर घोड्यावर बसून हात चालवायचा असेल, तर पाव किलोचा फरकसुद्धा संध्याकाळी खांद्याला कळतो.

ही धोप मोठी मजेची गोष्ट आहे. सरळ, लांब, बहुतेक वेळा परदेशी पात्याची. जर्मनी, इटली, स्पेन इथं घडलेली पाती गोव्यासारख्या बंदरांतून दख्खनेत उतरायची आणि इथले कारागीर त्यांवर आपली मूठ चढवायचे. म्हणून तिला फिरंग असंच नाव पडलं. मूठ पाहिली की ती इथली का, ते कळतं. बोटांना झाकणारी रुंद परज, आत गादी, आणि मागच्या टोकाला निघालेली एक खुंटी. दोन्ही हातांनी वार करायचा झाला तर डावा हात त्या खुंटीवर येतो. राजस्थानी किंवा मोगली तलवारीच्या मुठीमागे वाटीसारखी चकती असते. ती मनगटाला अडते, आणि अडते म्हणूनच वार ओढून घेतला जातो. वाकडं पातं आणि ओढलेला वार यांची जोडी घोडेस्वाराला सोयीची, कारण पातं रुतून बसत नाही. सरळ धोपेचा फायदा लांबीचा आणि भोसकण्याचा. कोल्हापूरच्या छत्रपतींकडून १८७५-७६ च्या दौऱ्यात इंग्लंडच्या युवराजाला गेलेली, आज तिथल्या राजघराण्याच्या संग्रहात असलेली ‘जगदंबा’ तलवारही युरोपी पात्याचीच आहे. यात कुणाला कमीपणा वाटायचं कारण नाही. ज्याला लढायचं आहे तो पोलादाची जात विचारतो, गाव विचारत बसत नाही.

पण एवढी चांगली धोपसुद्धा कड्यांच्या चिलखतावर उभा वार बसला तर फारसं काही करू शकत नाही. हाड मोडेल, कातडी फाटणार नाही. चिलखत भेदायला टोक लागतं आणि टोकामागं अंगाचं वजन. म्हणून कट्यारीची मूठ आडवी: मुठीत धरली की गुद्दा मारावा तशी सरळ जाते, आणि टोकाशी पोलाद मुद्दाम जाड ठेवलेलं असतं. प्रतापगडाखाली १० नोव्हेंबर १६५९ ला जे झालं त्याबद्दल आपण वाघनखांविषयी बोलतो. लंडनच्या संग्रहालयातली वाघनखं २०२४ साली साताऱ्यात आली तेव्हा लोकांची रीघ लागली. ती नेमकी तीच का, याची खात्री खुद्द ते संग्रहालयही देत नाही. गर्दीला त्याचं काही नव्हतं, आणि मला ती गर्दी समजते. पण सभासदाची बखर काढून पाहिली तर पहिला वार खानाचा आहे. त्यानं महाराजांची मान बगलेत दाबून कुशीत जमदाड, म्हणजे कट्यारीच्या जातीचं हत्यार, चालवली, आणि ती अंगातल्या कुडतीवर ‘खरखरली’. आत चिलखत होतं. पुढचं सगळं, वाघनखं, बिचवा, जिवा महालानं सय्यद बंडाचा उतरवलेला हात, हे त्या खरखरण्यानंतरचं. त्या दिवशीचं सगळ्यात परिणामकारक हत्यार कोणतं असं मला विचाराल, तर मी त्या कड्यांच्या सदऱ्याचं नाव घेईन. त्याला धार नव्हती, एवढंच.

आता दांडपट्टा. महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये त्याला राज्यशस्त्राचा मान दिला आणि मला ते मनापासून आवडलं, कारण कोल्हापूरच्या तालमींतून मर्दानी खेळ जिवंत ठेवणाऱ्या वस्तादांना कुणीतरी विचारलं. तिथल्या एका वस्तादांनी मला पट्टा हातात घालू दिला होता. घालू दिला असंच म्हणायला हवं, धरू दिला नव्हे. कोपरापर्यंत येणारं लोखंडी आवरण, आत आडवी मूठ, वरच्या बाजूला हाताला अडकणारी पट्टी. हात आत गेला की मनगट संपतं. मनगटाचं सगळं काम खांद्याकडं आणि कमरेकडं जातं. पातं तीन-साडेतीन फुटांचं, दोन्ही बाजूंनी धारेचं आणि इतकं लवचीक, की नुसतं उभं धरलं तरी टोक थरथरत राहतं. मी हात फिरवला तेव्हा पातं माझ्या मागून आलं, म्हणजे हात थांबल्यावरही ते जातच राहिलं. “तलवार तुमी थांबवू शकता. पट्टा थांबवायचा न्हाई, फिरवत ऱ्हायचं,” वस्ताद म्हणाले. मग त्यांनी पोराच्या तळहातावर लिंबू ठेवून काढून दाखवलं. लिंबाच्या दोन फोडी झाल्या आणि पोरानं पापणीही लववली नाही. माझी मात्र लवली.

पट्टा थांबत नाही, हेच त्याचं बळ आणि हीच त्याची मर्यादा. चहूबाजूंनी घेरलेल्या एकट्या माणसाभोवती तो एक रिंगण आखतो आणि त्या रिंगणात कुणी पाऊल टाकू धजत नाही. पण रिंगणाला जागा लागते. खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या रांगेत पट्टेकरी ठेवला तर पहिला वार शेजाऱ्यालाच बसायचा. म्हणून पट्ट्याच्या आठवणी आहेत त्या जवळजवळ सगळ्या शेवटच्या झुंजीच्या आहेत. बाजीप्रभू घोडखिंडीत, मुरारबाजी पुरंदरावर. आणि मुरारबाजीचा शेवट कसा झाला? १६६५ च्या मे महिन्यात हा माणूस निवडक मावळ्यांनिशी गडावरून खाली आला आणि कापत कापत थेट दिलेरखानापर्यंत पोचला. खानानं त्याला कौल देऊ केला, त्यानं तो झिडकारला. मग खानानं काय केलं? तलवार उपसून सामोरा आला नाही. बखर सांगते, त्यानं तीर मारला.

बखरीतलं ते वाक्य वाचताना मी दर वेळी अडखळतो. पट्ट्याचं रिंगण फार तर सात-आठ फुटांचं. तीर त्याच्या कितीतरी पलीकडून येतो. हत्यारांची तुलना करायची तर तिथूनच सुरुवात करावी लागते, की कोण कुणाच्या टप्प्यात आहे.

आणि तो तीर काही साधा नव्हता. मोगली कमान म्हणजे लाकूड, शिंग आणि जनावराचे स्नायू सरसानं चिकटवून केलेली वस्तू. ती घडवायला महिनेच्या महिने लागायचे आणि ओढायला शिकण्यात माणसाचं लहानपण जायचं. औरंगजेबाच्या दरबारात वावरलेला फ्रेंच वैद्य बर्नियर लिहून गेला आहे, की बंदूकवाला दोनदा बार काढीपर्यंत घोडेस्वार तिरंदाज सहा बाण सोडतो. हे वाचल्यावर प्रश्न पडतो, की मग बंदूक टिकलीच कशी?

बंदूक टिकली ती वेगामुळे नव्हे. तोड्याच्या बंदुकीचा एक बार काढायचा म्हणजे केवढा खटाटोप होता, तो एकदा डोळ्यांसमोर आणावा. नळीत मोजून दारू ओतायची, वर गोळी, मग गजानं ठासायचं. नळीच्या बाजूच्या छिद्राशी, म्हणजे कानाशी, रंजक म्हणजे पेट घेणारी बारीक दारू घालायची आणि ती वाऱ्यानं उडू नये म्हणून झाकून ठेवायची. सुती दोरीचा तोडा पेटता हवा, पण फार पेटता नको. त्याला मधूनमधून फुंकर घालून निखारा जागा ठेवायचा. मग चाप ओढला की तो जळता तोडा रंजकीवर टेकतो, आधी कानाशी भक होतं आणि क्षणभरानं बार उडतो. एवढ्या वेळात समोरचा हलला तर गोळी वाया. पण हा सगळा उद्योग एखाद्या धडधाकट कुणब्याला काही आठवड्यांत शिकवता येतो. कमान नाही शिकवता येत. तिरंदाज मेला की पुढचा तिरंदाज तयार व्हायला एक पिढी जाते, बंदुकची मेला की त्याची बंदूक दुसरा उचलतो. शिवाय त्या शिशाच्या गोळीला चिलखताचं फारसं काही वाटत नाही.

आणि मग पाऊस. हत्यारांच्या तक्त्यात पाऊस हा रकाना कुणी ठेवत नाही, पण दख्खनेत तो सगळ्यात मोठा हवा. पावसात तोडा विझतो, रंजक चिखल होते. कमानीचंही तसंच: सरस ओलावा धरतो, जोड सैल होतात. म्हणजे जून ते सप्टेंबर दोन्ही लांब पल्ल्याची हत्यारं निम्मीअधिक निकामी. उगाच नाही दसऱ्याला सीमोल्लंघन आणि त्याआधी खंडेनवमीला शस्त्रपूजन. पन्हाळ्यावरून महाराज निसटले ते जुलै १६६० मध्ये, ऐन आषाढात. वेढा सैल पडण्याचं निमित्त, अंधार, पौर्णिमेच्या चंद्रावरचे ढग हे आपण नेहमी ऐकतो. माझ्या मते त्या रात्री पावसानं आणखी एक काम केलं: पाठलागावरच्या फौजेच्या हातातली बंदूक काढून घेतली. अरुंद खिंड, निसरडा दगड, भिजलेली दारू. अशा जागी पट्टा, भाला आणि वरून ढकललेला धोंडा हीच हत्यारं उरतात, आणि ती ज्याच्याकडं वरच्या बाजूला आहेत त्याचं पारडं जड.

याच वेढ्यात राजापूरचे इंग्रज सिद्दी जौहरच्या मदतीला आले होते, आपल्या निशाणासकट. गडावर त्यांनी आपले गोळे टाकून पाहिले. गड काही त्या गोळ्यांनी पडला नाही. पुढच्या वर्षी महाराजांनी राजापूरची त्यांची वखार मात्र खणून काढली.

तोफेचं हे असंच आहे. सगळ्यात मोठा आवाज तिचा, आणि सगळ्यात मोठे नखरेही तिचेच. विजापूरची मलिक-ए-मैदान आपल्याकडची, म्हणजे अहमदनगरला १५४९ साली ओतलेली. तोंडाशी हत्तीला गिळणारा सिंह, वजन पन्नास टनांच्या वर. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत निजामशाही तोफखान्यानं तोफांत तांब्याची नाणी भरून जवळून मारा केला असं त्या काळचा इतिहासकार फेरिश्ता लिहितो. विजयनगरच्या दाटीवाटीच्या फौजेवर त्याचा काय परिणाम झाला असेल, तो विचारच करवत नाही. पण ही तोफ परांड्याहून विजापूरला न्यायला शेकडो बैल आणि दहा हत्ती लागले असं सांगतात. शत्रू समोर ठाण मांडून उभा राहणार असेल, तर अशा तोफेला तोड नाही. शत्रू रात्रीतून वीस कोस निघून जात असेल तर तोफ म्हणजे गळ्यातलं लोढणं.

उलट टोकाला नाशिकजवळचा रामसेज. १६८२ पासून औरंगजेबाच्या सरदारांनी तो वर्षानुवर्षं झुंजवला. गडावर लोखंडी तोफ नव्हती. मोगलांच्याच बाजूनं लिहिणारा खाफीखान सांगतो, की गडकऱ्यांनी झाडाचे बुंधे पोखरून, वर चामडं चढवून लाकडी तोफा केल्या आणि त्या तेवढ्याच भारी पडल्या. अशा तोफेतून किती बार निघत असतील, देव जाणे. चार निघाले तरी पुष्कळ. गडावरून सुटलेल्या धोंड्याला तर दारूही लागत नाही.

दारूगोळ्याविषयी आपल्याकडं सगळ्यात शहाणपणानं कुणी लिहिलं असेल तर ते रामचंद्रपंत अमात्यांनी. राज्यकारभारावरचं त्यांचं आज्ञापत्र १७१५-१६ च्या सुमाराचं. त्यात शौर्याचं वर्णन थोडं आणि सरदीची, म्हणजे ओलाव्याची, काळजी फार. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ नसावा. आठ-पंधरा दिवसांनी हवालदारानं स्वतः येऊन दारू, बाण, होके बाहेर काढावे, ऊन द्यावं आणि पुन्हा मोहोर करून ठेवावं. पावसाळ्यात तोफांना तेल-मेण द्यावं, कानात मेण भरावं. बाण म्हणजे इथं अग्निबाण आणि होके म्हणजे फेकायचे दारूचे गोळे. मी हा मजकूर वाचतो तेव्हा मला गडावरचा कुणी एक हवालदार दिसतो. त्याचं नाव कुठल्याही पोवाड्यात नाही. श्रावणातलं चार घटकांचं ऊन पाहून तो धावतपळत दारूची पोती बाहेर काढतो आहे, पापड वाळत घातल्यासारखा त्यांच्यावर नजर ठेवून बसला आहे, आणि आभाळ भरून आलं की शिव्या घालत पुन्हा आत नेतो आहे. त्यानं एक पंधरवडा आळस केला, तर गडावरच्या सगळ्या तोफा म्हणजे नुसत्या पितळी आणि लोखंडी नळ्या.

पण मराठ्यांनी ज्या लढाया खऱ्या अर्थानं एकतर्फी जिंकल्या, त्यांत निर्णायक हत्यार बहुतेक वेळा यांपैकी एकही नव्हतं. १६९५ च्या अखेरीस संताजी घोरपड्यांनी चित्रदुर्गाच्या मुलखात दोड्डेरीला कासीमखान आणि खानाजादखान या मोगल सरदारांना गाठलं. आधी त्यांच्या पुढं गेलेल्या सामानसुमानावर घाला घातला, मग मूळ फौजेला लढवत ठेवलं, आणि तिसरी तुकडी मागं राखून ठेवली. मोगल दोड्डेरीच्या लहानशा गढीत शिरले. तिथं त्यांना भुकेनं मारलं. कासीमखान तिथंच मेला, बाकीच्यांनी खंडणी कबूल करून सुटका करून घेतली. त्यानंतर थोड्याच दिवसांत मदतीला आलेला हिंमतखान पडला तो बंदुकीच्या गोळीनं. संताजींच्या बाजूला कर्नाटकातले नेमबाज प्यादे होते. तलवार उपसलेल्या संताजींची चित्रं आपण पाहतो. गढीबाहेर शांतपणे दिवस मोजत बसलेल्या संताजींचं चित्र काढायला कुणी बसत नाही.

पालखेड तसंच. १७२८ च्या फेब्रुवारीत बाजीरावांनी निजामाला वैजापूरजवळ कोंडलं. निजामाचा तोफखाना हिंदुस्थानातल्या उत्तम तोफखान्यांपैकी एक होता, पण बाजीरावांच्या मागं धावता धावता तो मागं राहिला. बाजीरावांकडं घोडी होती, घोड्यावर बसून खाता येईल एवढीच शिदोरी होती, आणि कुठल्या ओढ्याला पाणी आहे याची बातमी होती. निजामाची फौज पाण्याला महाग झाली आणि मार्चमध्ये मुंगी-शेवगावला तह झाला. तिथं बिचारी तलवार म्यानातच होती म्हटलं तरी चालेल.

म्हणून भीमथडीचं तट्टू मला त्या काळातलं दख्खनचं सर्वांत प्रभावी शस्त्र वाटतं. दिसायला ठेंगणं, अरबी घोड्याशेजारी केविलवाणं, पण कमी चाऱ्यावर, डोंगरवाटेनं, रात्रंदिवस चालणारं. त्याच्या पाठीवरच्या माणसाच्या हातात बहुतेक वेळा भाला. बांबूचा, हलका, स्वस्त, मोडला तर पुढच्या गावात दुसरा. तलवारीच्या आधी शत्रूला पोचणारा. कधी त्याला दोरी बांधलेली, म्हणजे फेकून परत ओढता यावा. त्याला विटा म्हणत. संग्रहालयात याचं काय ठेवणार?

पानिपतावर ते तट्टू कामाला आलं नाही. तिथं दोड्डेरी आणि पालखेड उलटले. मराठ्यांना रसद पोचवणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, रसद आटली, आणि या वेळी भुकेनं कोंडलेली फौज मराठ्यांची होती. १४ जानेवारी १७६१ ला भाऊसाहेब बाहेर पडले ते छावणीत खायला उरलं नव्हतं म्हणून. तरीही त्यांच्याकडं एक गोष्ट अशी होती, जी आधीच्या मराठी फौजांकडं नव्हती: इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना आणि त्याच्या कवायती पलटणी. अब्दालीकडं जंबुरके होते, उंटांच्या पाठीवरच्या लहान फिरत्या तोफा. उंट हाकला की तोफ हलली. गारद्यांच्या तोफा जड, जागच्या जागी, पण टप्पा लांब आणि मारा भेदक. बेत गोलाचा होता: तोफा आणि गारदी कडेनं, स्वार आत, सगळा गोल सरकत सरकत यमुनेकडं न्यायचा. सकाळभर तो बेत चालला. समोरच्या रोहिल्यांची गारद्यांनी दाणादाण उडवली.

आणि मग, असं आपल्याकडं पिढ्यान्पिढ्या सांगत आले आहेत, विंचूरकर आणि गायकवाड यांच्या स्वारांना राहवेना. समोर रोहिले मोडताना दिसत होते. तोफांनी जिंकलेली लढाई नुसती पाहत उभं राहायचं, हे घोड्यावरच्या, हातात भाला-तलवार असलेल्या माणसाला कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी गोल मोडला आणि घोडी घातली. रोहिल्यांच्या हातात बंदुका होत्या, यांच्या नव्हत्या. तेव्हा ते मार खाऊन मागं फिरले. तोवर गारद्यांना तोफा थांबवाव्या लागल्या होत्या, कारण तोंडासमोर आपलीच माणसं आली होती.